केएमटी सगळ्यांची कशी होईल? कोल्हापूरच्या बसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केएमटी म्हणजे कोल्हापूर महापालिकेची शहर बस, आणि मी रोज तिनंच जातो. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून आई वॉकर घेऊन चालते, आणि तिला कुठं न्यायचं म्हटलं की रिक्षाचे पैसे मोजावे लागतात. त्यामुळं या विषयावर मी जरा जास्तच बोलतो आणि लोक जरा जास्तच विचारतात. खालचे प्रश्न थांब्यावर, बसमध्ये आणि आमच्या कट्ट्यावर पुन्हापुन्हा आलेले आहेत. उत्तरं देणारा साहेब नाही, प्रवासी आहे.

हा दिव्यांगांचा विषय आहे ना? बाकीच्यांना त्याचं काय?

एखाद्या दुपारी सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या थांब्यावर अर्धा तास उभं राहून बघा. पायाला प्लास्टर घातलेला पोरगा, सातव्या महिन्यातली बाई, कडेवर झोपलेलं मूल आणि दुसऱ्या हातात औषधांची पिशवी घेतलेली आजी, लक्ष्मीपुरीतून तांदळाचं पोतं घेऊन निघालेला गडी. यातल्या एकाकडंही दिव्यांगाचं प्रमाणपत्र नसेल, पण पहिल्या पायरीपाशी सगळेच अडखळतात.

प्रमाणपत्रवाल्यांची संख्याही काही थोडी नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, महाराष्ट्रात २९ लाखांवर. कोल्हापूर शहराची लोकसंख्या तेव्हा ५,४९,२३६ होती. राज्याचंच प्रमाण इथं लावलं तर साधारण १४ हजार माणसं होतात. यातली किती बसमध्ये दिसतात? आणि दिसत नाहीत म्हणून "तसे प्रवासीच नाहीत" असं म्हणायचं, हे म्हणजे विहिरीला दोर न लावता गावाला तहान नाही म्हणण्यासारखं झालं.

बस चढायला एवढी उंच का असते?

जुन्या पद्धतीची बस मुळात ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली असते. खाली इंजिन, गिअर, दांडे, आणि त्यांच्यावर फळी. त्यामुळं आतला तळ रस्त्यापासून जवळजवळ ९० सेंटीमीटर वर जातो आणि तिथवर दोन-तीन उंच पायऱ्या चढाव्या लागतात. त्याहून बरी ती सेमी लो फ्लोअर, तिचा तळ ६५ सेंटीमीटरवर. खरी लो फ्लोअर बस ४० सेंटीमीटरवर असते. तिला दारात पायरीच नसते, आणि काही गाड्या थांब्याला लागल्यावर दाराच्या बाजूला थोड्या झुकतातही.

आता साधा हिशोब करू. आपल्या घरची पायरी असते पंधरा-सोळा सेंटीमीटर. फूटपाथही तेवढाच उंच असतो. लो फ्लोअर बस फूटपाथला चिकटून थांबली तर चढायचे राहतात २५ सेंटीमीटर, आणि गाडी झुकली तर त्याहून कमी. तेवढ्यात रॅम्प टाकला की कुणीतरी मागून हात लावला तर व्हीलचेअर आत जाते. तीच बस फूटपाथपासून चार हात लांब, रस्त्याच्या मधोमध थांबली, तर ४० चे ४० सेंटीमीटर चढायचे आणि रॅम्प उभा होतो घसरगुंडीसारखा. म्हणजे लाखो रुपयांच्या गाडीचा निम्मा फायदा ती कुठं उभी राहते यावर अवलंबून.

मागच्या पावसाळ्यात आईला घेऊन बसनं निघालो होतो. थांब्यापुढं सात-आठ दुचाकी आणि एक पांढरी मोटार. मोटारीत माणूस बसलेला, काच वर, फोन चालू. बस आली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मोटार हलली नाही. मग बस रस्त्यातच थांबली. आई फूटपाथवरून खाली उतरली, डबक्यातून वॉकर टेकत गेली आणि पायरीपाशी जाऊन नुसती बघत राहिली. कंडक्टर खाली आला. वॉकर आत ठेवला, तिचा एक हात दांडीवर ठेवला, दुसरा स्वतः धरला. "आज्जी, दमानं. गाडी कुठं जात न्हाई." मागं तोवर हॉर्नचा बाजार भरला होता. चढायला दीड मिनिट लागलं असेल. घरी आल्यावर आई म्हणाली, आता नको बाबा बस, सगळे खोळंबतात. मोटारवाल्याला यातलं काहीच कळलं नाही.

म्हणून मला कुणी विचारलं, एकच गोष्ट करायची तर कोणती, तर मी म्हणतो थांबा मोकळा करा. पिवळे पट्टे, थांब्याच्या अलीकडं-पलीकडं बसच्या लांबीएवढी जागा, आणि तिथं लागलेली गाडी उचलून नेणारा ट्रॅफिक पोलीस. खर्च रंगाचा.

नवीन ई-बस आल्या की प्रश्न मिटेल ना?

केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली. देशभरात १०,००० गाड्या, त्यातल्या १०० कोल्हापूरच्या वाट्याच्या. गाडी ठेकेदाराची, चालवणार तोच, आणि त्याला पैसे मिळणार किलोमीटरवर.

यात एक गोम आहे. किलोमीटरवर पैसे मिळणाऱ्याला प्रवासी चढला काय, राहिला काय, फरक पडत नाही. उलट व्हीलचेअरसाठी दोन मिनिटं थांबणं त्याला तोट्याचं वाटू शकतं. म्हणून करारात दंडाची कलमं काय आहेत ते बघायला हवं. थांबा गाळला तर किती, रॅम्प बंद असलेली गाडी रस्त्यावर आणली तर किती, घोषणा करणारा स्पीकर मुका असला तर किती. उद्घाटनाच्या फोटोतला रॅम्प सहा महिन्यांनी गंजून अडकतो, हे इतर शहरांतले प्रवासी सांगतातच. गाडी नवी असताना कुणी तपासत नाही आणि जुनी झाली की कुणी विचारत नाही.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. मग केएमटीत कंडक्टर वाद का घालतो?

कारण दोन्ही गाड्या लाल-पांढऱ्या-हिरव्या कशाही असल्या तरी मालक वेगळे. एसटी राज्याच्या महामंडळाची. ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून आणि महिलांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून सुरू झालं, ते राज्य सरकारनं जाहीर केलं आणि त्या सवलतीची भरपाई सरकार महामंडळाला देतं. केएमटी महापालिकेची. तिथं कुणाला किती सवलत आणि कोणता पास हे महापालिका ठरवते, आणि सवलतीचा खड्डा तिच्याच तिजोरीत पडतो.

तेव्हा कंडक्टरशी भांडू नका. त्याच्या मशीनमध्ये जे तिकीट नाही ते तो खिशातून काढून देणार नाही. भांडायचंच असेल तर योग्य जागी भांडा: राज्य सरकार एसटीच्या प्रवाशाचा भार उचलतं, तर शहर बसच्या प्रवाशाचा का उचलत नाही? गगनबावड्याहून स्टँडवर येणाऱ्या बाईला निम्मं तिकीट, आणि स्टँडवरून पुढं कळंब्याला जाताना वेगळा नियम, हे तिला कुणी समजावून सांगू शकेल असं मला वाटत नाही.

मग सगळ्यांना मोफतच करून टाका की.

दिल्लीनं २९ ऑक्टोबर २०१९ पासून आणि कर्नाटकानं ११ जून २०२३ पासून बायकांचा बसप्रवास मोफत केला. निपाणीकडच्या पाहुण्यांमुळं कर्नाटकातली हकीकत आपल्याकडं घराघरांत माहीत आहे. पण दोन्हीकडं पैसे राज्य सरकारनं घातले. एकट्या महापालिकेनं हे उद्या जाहीर केलं तर परवा डिझेलला पैसे नसतील.

माझं मत विचाराल तर आधी गाड्या वाढवा, मग तिकीट कमी करा. चाळीस मिनिटांनी येणाऱ्या मोफत बसपेक्षा दहा मिनिटांनी येणारी पैसे घेणारी बस गरिबाला जास्त कामाची. मोफत बसची वाट बघून उशीर झाला आणि अर्धा रोज कापला गेला, तर ते तिकीट फार महाग पडलं. यावर माझी बायको माझ्याशी सहमत नाही. तिचं म्हणणं, हातात पैसेच नसलेली बाई दहा मिनिटांच्या बसमध्येही चढत नाही. तिचंही खरं आहे. म्हणून शाळेची मुलं, दिव्यांग, आणि दवाखान्याच्या फेऱ्या मारणारे, यांची सवलत थांबवून ठेवावी असं मी म्हणणार नाही.

आमच्या भागात बस का येत नाही? आली तर तासाला एक का?

याचं उत्तर गणितात आहे, आणि ते चौथीच्या पोराला सुटेल. समजा एका मार्गावर जाऊन-येऊन, टोकाला ड्रायव्हरनं चहा घ्यायला पाच मिनिटं धरून, ८० मिनिटं लागतात. त्या मार्गावर चार गाड्या दिल्या तर दर २० मिनिटांनी एक येते. दोन दिल्या तर ४० मिनिटांनी. वेळापत्रक न बघता थांब्यावर गेलेला माणूस सरासरी त्याच्या निम्मा वेळ थांबतो, म्हणजे पहिल्या प्रकारात १० मिनिटं, दुसऱ्यात २०. आता दोनातली एक गाडी वर्कशॉपला गेली. राहिली एक, दर ८० मिनिटांनी. एवढ्या वेळात माणूस चालत पोचतो किंवा हप्त्यावर गाडी घेतो. कोल्हापुरात दारोदार दोन-दोन दुचाकी का दिसतात त्याचं एक कारण इथं आहे.

प्रत्येक नगरसेवकाला आपल्या प्रभागात एक बस हवी असते. मोजक्या गाड्या सगळ्यांना वाटल्या की सगळीकडं तासाला एक गाडी जाते, आणि अशा गाडीवर कुणीच विसंबत नाही. त्यापेक्षा गंगावेश, शिवाजी चौक, स्टँड, राजारामपुरी असे मुख्य रस्ते दर दहा मिनिटांनी बांधून घ्यायचे आणि लांबच्या वस्त्यांतून लहान गाड्या तिथं आणून सोडायच्या. यात काहींना गाडी बदलावी लागेल, आणि बदलायची तर दुसरं तिकीट लागता कामा नये. हे जमवल्याशिवाय मार्ग तोडले तर लोक बोंब मारतील, आणि मारायलाच हवी.

हद्दीचा तिढा वेगळाच. १९७२ साली महापालिका झाली तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही, पण शहर पाचगाव, उचगाव, शिरोलीपर्यंत कधीच पोचलं. हद्दवाढीचं भांडण पेटलं की कुणीतरी म्हणतंच, विरोध करणाऱ्या गावांची केएमटी बंद करा. बंद झाली तर त्रास गावच्या पुढाऱ्याला होत नाही, त्याच्याकडं जीप आहे. त्रास होतो कॉलेजला येणाऱ्या पोरीला. बाहेरच्या गावांसाठी होणाऱ्या खर्चात ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषदेनं वाटा द्यावा, हे बोलणं रास्त आहे. पोरीला वेठीला धरणं नाही.

बायकांचा प्रवास वेगळा असतो म्हणजे काय?

आमच्या शेजारच्या वहिनींचा मंगळवार सांगतो. साडेदहाला धाकट्याला शाळेत सोडणं, तिथून सासऱ्यांचे रिपोर्ट आणायला दवाखाना, परत येताना भाजी, साडेबाराला घर, दीडला पुन्हा शाळा. पुरुषाचा प्रवास बहुधा सरळ रेषेत असतो: सकाळी नोकरीवर, संध्याकाळी घरी, एक तिकीट जाताना, एक येताना. वहिनी चारदा चढतात, चारदा पहिल्या टप्प्याचं तिकीट काढतात. अंतर मोजलं तर त्या नवऱ्यापेक्षा कमी फिरतात, पैसे मात्र जास्त देतात.

त्यात दुपारी अकरा ते चार गर्दी नाही म्हणून फेऱ्या कमी केल्या की नेमका वहिनींचा वेळ गेला. उपाय अवघड नाहीत. एकदा काढलेलं तिकीट दीड तास कुठल्याही बसला चालावं, दिवसाचा पास परवडणारा असावा, आणि दुपारच्या फेऱ्या कापताना हिशोबाच्या टेबलावर एखादी बाई बसलेली असावी.

दिसत नाही त्यांनी बस कशी ओळखायची?

आज विचारून ओळखतात. पांढरी काठी घेतलेले एक काका मला थांब्यावर बऱ्याचदा भेटतात. प्रत्येक गाडीचा आवाज आला की ते हवेतच विचारतात, "ही कुठं जातीया?" कुणी उत्तर देतं, कुणी कानात इअरफोन घालून असतं. एकदा तर तीन गाड्या एकामागं एक लागल्या आणि काका पहिलीच्या दाराशी पोचेपर्यंत त्यांची तिसरी निघून गेली.

आयआयटी दिल्लीनं यासाठी 'ऑनबोर्ड' नावाचं साधन बनवलं आहे. प्रवाशाच्या हातातल्या यंत्राचं बटण दाबलं की समोरच्या बसचा नंबर दारापाशी बसवलेल्या स्पीकरवरून ऐकू येतो, आणि त्या आवाजाच्या रोखानं दारही सापडतं. ते येईल तेव्हा येवो. तोपर्यंत बिनखर्चाची सोय आहे: गाडी थांबली की कंडक्टरनं दारातून "कळंबा, रंकाळामार्गे!" असा आवाज द्यायचा. वडापवाला, म्हणजे माणसं गोळा करून नेणारा खासगी गाडीवाला, दिवसभर घसा फोडून हेच करतो, आणि त्याला कुणी सुगम्यतेचं प्रशिक्षण दिलेलं नाही.

ऐकू येत नाही त्यांना उलट पाटी हवी, आतही आणि बाहेरही. आणि पाटीवर नुसतं शेवटचं गाव नको, मार्गे कुठून तेही मोठ्या अक्षरात.

वडाप बंद केलं तर केएमटी सुधारेल का?

वडाप बसचे प्रवासी पळवतं हे खरं. थांब्याच्या तोंडावर उभं राहतं, भरल्याशिवाय हलत नाही, दारातून माणसं लोंबकळतात, आणि दिव्यांग पाससमोर तर हात जोडतं. पण बस नसलेल्या वाडीला आणि बस संपल्यावरच्या वेळेला तेच धावून येतं. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून रात्री सुटलेल्या कामगाराला "वडाप बेकायदा आहे" हे सांगून घरी पोचवता येणार नाही. आधी शिफ्ट सुटायच्या वेळेची बस द्या. मग थांब्यापासून लांब त्यांचा स्टँड ठरवा, दरपत्रक लावा, आणि मग कारवाई करा. उलट्या क्रमानं केलं तर चार दिवस पावत्या फाटतात आणि पाचव्या दिवशी सगळं पहिल्यासारखं.

राखीव जागेवर बसलेल्याला उठवायचं कसं?

"दादा, आज्जींना बसू दे जरा" एवढं मोठ्यानं म्हटलं की दहातले नऊ उठतात. दहावा झोपेचं सोंग घेतो, तिथं कंडक्टरला हाक मारा. जागा राखीव ठेवणं म्हणजे उपकार, अशी समजूत असलेला माणूस कोल्हापुरात भेटला की मला नवल वाटतं. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यानं संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना ५० टक्के जागा ठेवल्या, त्याच गावात आपण खिडकीच्या सीटवरून वाद घालतो.

सगळं मोबाइलवर गेलं की सोपं होईल ना?

ज्याच्याकडं स्मार्टफोन आणि पॅक आहे त्याला होईल. गाडी कुठवर आली हे कळणं फार मोठी सोय आहे, विशेषतः उन्हात ताटकळू न शकणाऱ्यांना. पण रोख पैसे घेणं बंद करू नये, आणि थांब्यावर छापील वेळापत्रक राहावं. आईला ॲप दाखवलं तर ती मलाच विचारते, "मग येतीया कधी?"

कायद्यानं आपला हक्क काय आहे?

बऱ्यापैकी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या ४१ व्या कलमात बसथांबे, तिकीट खिडक्या आणि प्रवासाची सगळी साधनं दिव्यांगांना वापरता येतील अशी करायला सांगितलं आहे. जुन्या गाड्यांना मात्र पळवाट ठेवलीय: तांत्रिकदृष्ट्या शक्य, सुरक्षित आणि परवडणारं असेल तर बदल करा. "परवडत नाही" हे उत्तर तिथून येतं. नव्या गाडीला ते देता येत नाही. शिवाय १ मार्च २०२० पासून लागू झालेल्या केंद्राच्या मोटार वाहन नियमांत बसमध्ये राखीव जागा, आधाराच्या दांड्या, कुबड्या-वॉकर अडकवायची सोय आणि व्हीलचेअर आत घेऊन घट्ट बांधण्याची सोय यांचा उल्लेख आहे.

राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला. सुगम्यतेचे नियम नुसती सूचना म्हणून ठेवता येणार नाहीत, त्यातला किमान भाग बंधनकारक करा, असं केंद्राला सांगितलं. कायदा मोडला तर पहिल्यांदा १० हजारांपर्यंत आणि पुन्हा मोडला तर ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तक्रार कुठं करायची? नुसतं बोलून काय होतं?

पहिल्यांदा केएमटीच्या परिवहन व्यवस्थापकांकडं लेखी द्या आणि पोच घ्या. गाडीचा नंबर, मार्ग, थांबा, वेळ. "बस कधीच थांबत नाही" असं लिहिलं तर कागद फाइलीत जातो. "मंगळवारी ९ वाजून ४० मिनिटांनी अमुक थांब्यावर" असं लिहिलं तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. दिव्यांगांच्या हक्काचा प्रश्न असेल तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडं दाद मागता येते.

दुसरं, माहिती अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर. पण मोघम विचारू नका. रोज किती गाड्या डेपोतून निघतात, ठरलेल्या फेऱ्यांतल्या किती रद्द होतात, किती गाड्यांचा रॅम्प चालू आहे, शेवटचा कधी तपासला, असे चार आकडे मागा.

तिसरं, वेळ साधा. परिवहन उपक्रमाचं अंदाजपत्रक महापालिकेत दरवर्षी वेगळं मांडलं जातं. ते मांडण्याआधी, म्हणजे जानेवारी उलटायच्या आत, आपली मागणी रकमेसकट पोचली पाहिजे. एप्रिलात मोर्चा काढला तर साहेब चहा पाजतात आणि म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. टोल परतवून लावलेल्या गावाला मोर्चा शिकवायची गरज नाही, तारीख तेवढी लक्षात ठेवायची.

आणि थांब्यापुढच्या त्या गाड्यांचं काय?

तिथं दुचाकी लावणारा मीच असू शकतो. औषध घ्यायला दोनच मिनिटं म्हणून मीही लावलीय. हल्ली लावत नाही. आई मागच्या सीटवर असते.